नव्या स्पोर्ट बाइकमध्ये दोन सिलिंडर हवेत की चार?

नवी स्पोर्ट बाइक येणार म्हटले की पहिली उत्सुकता इंजिनाचीच असते, आणि यामाहाच्या दोन बाइक शेजारी ठेवल्या की निवडीतला पेच लगेच ध्यानात येतो. आर६ च्या ५९९ सीसी, चार सिलिंडरच्या इंजिनाची कमाल शक्ती १४,५०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळते, तर २०२१ मध्ये आलेल्या आर७ चे ६८९ सीसी, दोन सिलिंडरचे इंजिन ८,७५० आरपीएमलाच शिखर गाठते. शक्तीत ते बरेच मागे असले, तरी त्याचा ६७ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, ६,५०० आरपीएमलाच हाती येतो, म्हणून वळणातून बाहेर पडताना गिअर न बदलताही गाडी जोमाने पुढे झेपावते. आवाजातही फरक आहे: चार सिलिंडरमध्ये क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) दर १८० अंश फिरला की स्फोट होत असल्याने सलग, चढत जाणारा सूर लागतो, तर २७० अंशी क्रँकमुळे स्फोटांमधले अंतर असमान राहून आर७ ला तुटक, धडधडती लय मिळते. डिझाइनच्या दृष्टीने दोन सिलिंडरचे इंजिन अरुंद असल्यामुळे टाकी आणि फेअरिंग (बाइकचे बाहेरचे आवरण) सडपातळ ठेवता येतात. रोजच्या रस्त्यासाठी मी निःसंशय दोन सिलिंडरच निवडेन. ट्रॅकवर मात्र चार सिलिंडरची ती वरच्या आरपीएमची धाव मला अजूनही अतुलनीय वाटते.