घरीच रंगवलेला मॅसी: इनॅमल पावसाळ्यात टिकला का?

आमच्या मॅसी १०३५ ट्रॅक्टरला एप्रिलमध्ये, ऊस कारखान्याला गेल्यावर, घरीच रंग दिला. पावसाळा सरला, खंडेनवमीची पूजा झाली, आता लिहितो. ट्रॅक्टर आप्पांनी १९९८ ला घेतलेला, आजही रोज रानात जातो. त्यामुळं टिकणारा रंग हवा होता.

सिंथेटिक इनॅमल घेतला: तांबडा चार लिटर पत्र्याला, राखाडी दोन लिटर इंजिन-गिअरबॉक्सला. दोन हात देऊन तांबडा थोडा उरला. रंग मूळचाच ठेवला, कारण आरसीवर त्याची नोंद असते.

कष्ट सगळे रंगाच्या आधीचे. वर्षानुवर्षं युरियाची पोती टेकवून मडगार्डचा पत्रा पापुद्रे धरून फुगला होता. तारेचा ब्रश मारला तर गंज भुशासारखा गळायला लागला आणि एका जागी बोट आरपार गेलं. तिथं ठिगळ वेल्ड करून घेतलं. हायड्रॉलिकखालचं ग्रीस डिझेलनं निघतं, पण ओशटपणा मागं राहतो आणि त्यावर प्रायमर धरत नाही. साबणाच्या पाण्यानं दोनदा धुवा, उन्हात वाळवा, मगच रेड ऑक्साइड प्रायमर.

एक तक्रार आहे, ती दुकानदाराची. इनॅमलबरोबर त्यानं एनसी थिनर दिला, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंग पातळ करायचा. डाव्या मडगार्डवर दुसरा हात मारला आणि बघता बघता खालचा रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला. सगळं खरवडून परत प्रायमरपासून सुरुवात. दोन दिवस गेले. इनॅमलला टर्पेंटाइनच मागा आणि डबा वाचून घ्या.

आता बोनेट बघितलं तर चकाकी तशीच आहे, चिखल नुसत्या पाण्यानं निघतो. टाकीच्या झाकणाभोवती मात्र पहिल्याच आठवड्यात डिझेल सांडलं, तिथला रंग मऊ पडून बोटाला लागला. सुरुवातीचे आठ-दहा दिवस फार जपायला हवं. सायलेन्सरला हा रंग चालत नाही, जळतो. आम्ही उष्णता सोसणारा ॲल्युमिनियम रंग दिला, तो शाबूत आहे.

पैशाच्या मानानं मी समाधानी आहे, पुन्हा हाच घेईन. आप्पा चढताना मडगार्डच्या ज्या कडेला हात टेकवतात तिथं रंग थोडा पातळ झालाय. उन्हाळ्यात तेवढ्याच जागी एक हात देणार. उरलेला तांबडा त्यासाठीच ठेवलाय, झाकण घट्ट ठोकून, डबा उलटा करून, म्हणजे वर साय धरत नाही.