लोककथांची चित्रपुस्तकं: सात-आठ महिने वाचून झाल्यावरचा अनुभव

चित्रं बघून पुस्तक घेऊ नका, आधी मधली दोन पानं मोठ्याने वाचा आणि मग ठरवा. एवढं लिहून थांबले असते तरी चाललं असतं, पण लिहायला बसलेच आहे तर सविस्तर सांगते.

जुन्या लोककथा मुलांसाठी नव्याने सांगायच्या आणि सोबत पानभर चित्रं, असा एक संच घेतला होता. नंतर नाद लागला म्हणून सुटी पुस्तकंही घेतली, वेगवेगळ्या प्रकाशकांची. नाव कोणाचंच घेत नाही, कारण एकाच प्रकाशकाचं एक पुस्तक भारी आणि दुसरं फुसकं असंही झालंय. घरात गिऱ्हाईकं दोन. धाकटी चार वर्षांची, तिला वाचता येत नाही. मोठा आठचा, तो स्वतःचं स्वतः वाचतो, पण मी वाचायला लागले की ‘मी काय ऐकत नाहीये’ असा चेहरा करून शेजारी येऊन बसतो.

पहिले काही आठवडे चित्रांचंच राज्य होतं, जे पुस्तक जास्त रंगीत तेच हवं. नंतर मात्र गंमत झाली, सगळ्यात देखणं पुस्तक मागे पडत गेलं आणि एक साधंसं, दोनच रंगात छापलेलं पुस्तक रोज मागितलं जायला लागलं, इतकं की त्याचे कोपरे आता गोल झालेत.

देखणं म्हणजे चिऊ-काऊचं. जलरंगातली चित्रं, पावसाचं पान तर फ्रेम करून लावावं असं. पण गोष्टीचा जीवच काढून घेतलाय हो. कावळा भिजत दारात उभा, ‘चिऊताई चिऊताई दार उघड’, ‘थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालू दे’, परत ‘चिऊताई चिऊताई दार उघड’, ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे’, ही खरी गोष्ट, बाकी घर शेणाचं आणि घर मेणाचं ही नुसती तयारी. या पुस्तकात ते सगळं एका वाक्यात उरकलंय: ‘चिमणी कामात असल्याने तिने कावळ्याला बराच वेळ बाहेर थांबवले.’ बराच वेळ! चार वर्षांच्या पोरीला बराच वेळ म्हणजे काय कळणार, तिला तो एकेका ‘थांब’ने कळतो. पहिल्याच रात्री तिने मला अडवलं, ‘आई, तीट राहिली.’ तेव्हापासून ते पान समोर धरून मी तोंडपाठ सांगते, चित्र त्यांचं आणि शब्द आपले.

असं का करतात याचं एक कारण छपाईत आहे. मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून घड्या घातल्या की १६ पानांचा फर्मा होतो, असे दोन फर्मे म्हणजे ३२ पानं, म्हणून जगभर बहुतेक चित्रपुस्तकं ३२ पानांची असतात. त्यातून शीर्षकाचं पान, माहितीचं पान वगैरे गेलं की गोष्टीला जेमतेम बारा-चौदा जोडपानं उरतात. मग संपादकाला वाटतं की सारखं सारखं तेच आलेलं कापूया. पण कापायचं तर वर्णन कापा ना! ‘डोंगरामागे लालबुंद सूर्य मावळत होता’ हे वाक्य कशाला, चित्रात सूर्य मावळतोच आहे. जे चित्र दाखवतं ते शब्दांनी पुन्हा सांगायचं आणि जे फक्त तोंडाने म्हणूनच मजा येते ते गाळायचं, हा उलटा कारभार मला निम्म्याहून जास्त पुस्तकांत दिसला.

आता कोपरे गोल झालेलं पुस्तक. म्हातारी आणि भोपळा. काळा आणि नारिंगी, बस, ठसे उमटवल्यासारखी चित्रं, दुकानात तर मी ते जवळजवळ परत ठेवलं होतं. पण ज्याने कोणी मजकूर लिहिलाय त्याने तो नक्की मुलांना वाचून दाखवून मग लिहिलाय. ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ दर वेळी नव्या पानावर सुरू होतं, म्हणजे आधीच्या पानावर वाघ विचारतो, ‘भोपळ्या भोपळ्या, म्हातारीला पाहिलंस का?’ आणि पान तिथेच संपतं. पान उलटायच्या त्या क्षणात धाकटी अंथरुणात उठून बसते आणि उलटलं की ती आधी ओरडते, मी नंतर वाचते. आणखी एक हुशारी म्हणजे भोपळा मधून कापल्यासारखा दाखवलाय, आत म्हातारी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. आपल्याला ती दिसते, वाघाला दिसत नाही, आणि मुलांना हे गुपित माहीत असल्याचा जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो.

याच गोष्टीचं दुसऱ्या प्रकाशकाचं पुस्तकही आहे आमच्याकडे. त्यात भोपळ्याला चक्क खिडकी काढलीये आणि म्हातारी त्यातून बाहेर बघत हसतेय, वाघही हसतोय. मोठा म्हणाला, ‘वाघाला ती दिसतेय की, मग खात का नाही?’ मी काय उत्तर देणार, चित्रकाराने गोष्ट वाचलीच नसावी. आणि वाघाला भूकच नसेल तर म्हातारीला भोपळ्यात बसायची गरज काय?

इथे त्या ‘मुलांना भीती वाटू नये’ प्रकरणावर बोलते. गोष्टी बदलूच नयेत असं माझं अजिबात म्हणणं नाही, लोककथा बदलतच इथपर्यंत आल्यात. जर्मनीत लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंनी १८१२ साली पहिला खंड काढला आणि १८५७ पर्यंत सात आवृत्त्यांत त्या गोष्टी सतत घासत-पुसत राहिले. पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई आहे, १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट पेरो या फ्रेंच लेखकाने १६९७ मध्ये छापली तेव्हा लांडगा तिला खातो आणि गोष्ट खलास, पोट फाडून सोडवणारा शिकारी ग्रिम यांच्याकडे येतो. म्हणजे शेवट गोड झाला, पण लांडगा लांडगाच राहिला. आमच्या चिऊ-काऊच्या पुस्तकात शेवटी कावळा सॉरी म्हणतो आणि दोघं मिळून घर सजवतात. आजी सांगते त्या गोष्टीत कावळ्याला चांगला चटका बसतो आणि तो काव काव करत उडून जातो, आणि धाकटीला तेच हवं असतं. रडली वगैरे कधी नाही, उलट खिदळते. रडू आलं ते हरवलेल्या पिल्लाच्या एका गोष्टीला, आणि ती संचातली सगळ्यात गुलाबी गोष्ट होती.

मोठ्याला काय आवडलं ते वेगळंच. काही मोजक्या पुस्तकांच्या शेवटी गोष्ट कुठून आली याचं एक पान आहे. लोककथांचे प्रकार पाडून जगभरातले अभ्यासक त्यांना नंबर देतात, आर्ने नावाच्या फिनिश अभ्यासकाने १९१० मध्ये सुरू केलं, थॉम्पसनने वाढवलं, उथरने २००४ मध्ये नवी आवृत्ती काढली. त्यात ‘थांब, आधी मला जाड होऊ दे’ या युक्तीच्या गोष्टींचा नंबर १२२ एफ (122F). इराणमध्येही म्हातारी लेकीकडे जाते आणि भोपळ्यात बसून गडगडत परत येते, फक्त वाटेत लांडगा, बिबट्या आणि सिंह. हे कळल्यावर मोठ्याचा चेहरा बघायला हवा होता, ‘म्हणजे कोणी कोणाची कॉपी केली?’ माकड आणि मगरीच्या पुस्तकातही तसंच पान आहे, पंचतंत्र सहाव्या शतकात पहलवीत, म्हणजे इराणच्या जुन्या भाषेत गेलं, आठव्या शतकात अरबीत ‘कलीला व दिम्ना’ झालं. त्या अरबी पुस्तकाच्या प्रस्तावनेतच म्हटलंय की प्राण्यांची रंगीत चित्रं राजांचं मन रमवण्यासाठी आहेत, म्हणजे चित्रांसाठी पुस्तक घेणारे आपण काही पहिले नाही. असं पान प्रत्येक पुस्तकात का नसावं? त्याऐवजी बहुतेकांत ‘या गोष्टीतून तुम्ही काय शिकलात?’ आणि खाली तीन प्रश्न. आमच्याकडे ते पान येण्याआधीच पुस्तक मिटलं जातं.

बाकी तक्रारी पटापट. गडद निळ्या आकाशावर पांढरी बारीक अक्षरं छापू नका, रात्रीच्या दिव्यात काना-मात्रा दिसत नाहीत आणि जोडाक्षरं तर अंदाजाने वाचावी लागतात. दोन पानांवर पसरलेल्या चित्रात मुख्य पात्र बरोबर घडीवर येऊ देऊ नका, आमच्या एका राजाचं नाक कायम शिवणीत गेलेलं आहे. नुसत्या डिंकाने चिकटवलेली जाड पुस्तकं पूर्ण उघडत नाहीत, जोर लावला की पानं सुटतात, मधोमध पिना मारलेली पातळ पुस्तकंच अजून धड आहेत. आणि मजकुरात तीन मुलगे असतील तर चित्रात चौघं नकोत, पोरं मोजतात.

संच पुन्हा घेणार नाही, सुटीच पुस्तकं घेणार, आणि मुद्दाम एकाच गोष्टीची दोन-तीन वेगवेगळी. भोपळ्याच्या त्या दोन पुस्तकांवरून दोघं असे भांडतात, खिडकी बरोबर की चूक, वाघ वेडा की चित्रकार वेडा, की माझा अर्धा तास आरामात सुटतो.