जुनी करप्रणाली की नवी? गोव्यातल्या पगारदारांसाठी २०२५-२६ चा हिशेब

वेर्ण्याच्या कारखान्यात वार्षिक पगार १५ लाख धरू. नव्या प्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन १४.२५ लाख उरतात; उपकरासह कर ९७,५००. जुन्या प्रणालीत ५०,००० ची प्रमाणित वजावट, कलम ८०सी चे (पीएफ, आयुर्विमा अशा बचतीचे) दीड लाख, गृहकर्जाच्या व्याजाचे २ लाख आणि आरोग्य विम्याचे २५,००० वजा केले तरी कर १,४०,४०० येतो. या पगाराला जुनी प्रणाली परवडायची तर प्रमाणित वजावट सोडून ५,४३,७५० च्या वर वजावटी हव्यात. बहुतेकांना घरभाडे भत्ता मोठा असेल तरच हे जमतं. पगार १२.७५ लाखांपर्यंत आणि दुसरं उत्पन्न नसेल तर नव्या प्रणालीत कर शून्य, तिथे जुनीचा विचारही करू नका.

जुनी निवडायची असेल तर विवरणपत्र मुदतीतच भरा. उशीर झाला की तो पर्याय जातो. धंदा-व्यवसायाचं उत्पन्न असणाऱ्यांना आधी फॉर्म १०-आयईए, म्हणजे जुनी प्रणाली निवडल्याचं कळवणारा अर्ज, भरावा लागतो.

खरी गफलत होते ती प्राप्तिकर कायद्याच्या कलम ५अ मध्ये. पोर्तुगीज नागरी संहिता लागू असलेल्या जोडप्याचं पगाराखेरीजचं उत्पन्न निम्मं-निम्मं विभागलं जातं, प्रणाली कुठलीही असो. मडगावच्या फ्लॅटचं वर्षाचं भाडं ४,८०,००० असेल, तर घरभाड्यावरची ३० टक्के प्रमाणित वजावट जाता ३,३६,००० उरतात. नवऱ्याकडे १,६८,०००, बायकोकडे तेवढेच. अशांनी आयटीआर-१ हा विवरणपत्राचा साधा फॉर्म भरू नये. आयटीआर-२ घ्यावा आणि त्यातलं परिशिष्ट ५अ न विसरता भरावं.