प्रोस्टेटचा कर्करोग ग्रंथीपुरताच असेल तेव्हा: निरीक्षण, शस्त्रक्रिया की किरणोपचार?

कर्करोग प्रोस्टेट ग्रंथीच्या बाहेर गेलेला नाही, पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या प्रथिनाचे रक्तातील प्रमाण) १० च्या आत आहे आणि बायोप्सीत, म्हणजे ग्रंथीचे तुकडे काढून केलेल्या तपासणीत, ग्लीसन स्कोअर (पेशी किती आक्रमक दिसतात याचा अंक) ६ किंवा ३+४=७ आला आहे, अशा रुग्णासमोर आज तीन रास्त पर्याय असतात: लगेच उपचार न करता नियमित तपासण्यांनी लक्ष ठेवणे, शस्त्रक्रियेने ग्रंथी काढून टाकणे किंवा किरणोपचार घेणे. घरात बहुधा ‘एकदाचे काढून मोकळे व्हा’ असा सूर निघतो, यूरोलॉजिस्ट शस्त्रक्रियेकडे झुकतो, रेडिएशनचे डॉक्टर रेडिएशनकडे, आणि प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी पटण्यासारखे असते. या तिन्ही पर्यायांना एकाच मापाने तोलणारा सर्वांत भक्कम पुरावा ब्रिटनमधील ‘प्रोटेक्ट’ या संशोधनातून मिळाला आहे. त्याचे आकडे पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, या टप्प्यावरची निवड आयुष्य किती वाढेल हे फारसे ठरवत नाही. पुढची वर्षे कोणत्या त्रासासह काढायची, हे मात्र नक्की ठरवते.

प्रोटेक्टमध्ये १९९९ ते २००९ या काळात ५० ते ६९ वयाच्या ८२ हजारांहून अधिक पुरुषांची पीएसए तपासणी झाली. ज्यांचा कर्करोग ग्रंथीपुरता मर्यादित होता, त्यांपैकी १,६४३ जणांनी आपला उपचार चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरू देण्यास संमती दिली. ५४५ जण निरीक्षणाच्या, ५५३ शस्त्रक्रियेच्या आणि ५४५ किरणोपचाराच्या गटात गेले. ऑक्सफर्डचे फ्रेडी हॅम्डी आणि ब्रिस्टलच्या जेनी डोनोव्हन यांच्या चमूने २०२३ मध्ये १५ वर्षांचे निष्कर्ष मांडले. तोवर प्रोस्टेटच्या कर्करोगाने दगावलेल्यांचे प्रमाण निरीक्षणाच्या गटात ३.१ टक्के, शस्त्रक्रियेच्या गटात २.२ टक्के आणि किरणोपचाराच्या गटात २.९ टक्के होते. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक नसल्यातच जमा आहे. याच काळात सर्व कारणांनी मिळून सुमारे २२ टक्के पुरुष मरण पावले, म्हणजे या रुग्णांना या कर्करोगापेक्षा इतर आजारांचा धोका कितीतरी मोठा होता.

निरीक्षण फुकटात पदरात पडते, असे मात्र नाही. शरीरात इतरत्र कर्करोग पसरण्याचे प्रमाण त्या गटात ९.४ टक्के होते, तर शस्त्रक्रियेच्या गटात ४.७ आणि किरणोपचाराच्या गटात ५ टक्के. या कर्करोगाला पोसणारे पुरुषी हार्मोन रोखणारी औषधे दीर्घकाळ घ्यावी लागणाऱ्यांचे प्रमाणही निरीक्षणाच्या गटात अधिक होते, आणि ती औषधे हाडे, स्नायू, वजन व मनःस्थिती या साऱ्यांवर परिणाम करतात. शिवाय निरीक्षणाच्या गटातील बहुतेकांनी पुढे कधी ना कधी शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार घेतलेच; १५ वर्षांनंतर कोणताही उपचार न घेता हयात असलेले सुमारे एक-चतुर्थांश होते. माझ्या दृष्टीने हा चौथा हिस्सा लहान नाही, कारण उरलेल्यांपैकीही अनेकांची काही वर्षे उपचारांच्या दुष्परिणामांवाचून गेली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी: प्रोटेक्टमधील निरीक्षण मुख्यतः पीएसएच्या चढउतारावर चालत असे, तर आज त्याला एमआरआय आणि ठरावीक काळाने पुन्हा बायोप्सी यांची जोड असते.

आता त्रासाकडे वळू, कारण निर्णयाचे खरे वजन तेथेच आहे. शस्त्रक्रियेत लघवीसाठी बसवलेली नळी (कॅथेटर) नंतर काढली की पहिले काही महिने खोकताना, शिंकताना, खुर्चीतून उठताना लघवी गळते. प्रोटेक्टमध्ये सहा महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटातील ४६ टक्के पुरुष पॅड वापरत होते. निरीक्षणाच्या गटात हे प्रमाण ४ टक्के आणि किरणोपचाराच्या गटात ५ टक्के होते. सहा वर्षांनी ते शस्त्रक्रियेच्या गटात १७ टक्क्यांवर आले, तरी इतर दोन्ही गटांपेक्षा जास्तच राहिले. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच सुरू करावेत असे फिजिओथेरपिस्ट सांगतात, ते याचसाठी.

लैंगिक क्षमतेबद्दल आपल्याकडे दवाखान्यात कोणी तोंड उघडत नाही. रुग्ण संकोचतो, सोबत मुलगा बसलेला असतो आणि डॉक्टरही घाईत असतो. आकडे मात्र स्पष्ट आहेत. सुरुवातीला सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांना संभोगास पुरेसा ताठरपणा येत होता. सहा महिन्यांनी निरीक्षणाच्या गटात ५२, किरणोपचाराच्या गटात २२ आणि शस्त्रक्रियेच्या गटात १२ टक्के उरले. किरणोपचाराच्या गटातील घसरणीत, सोबत काही महिने दिलेल्या हार्मोनविरोधी औषधांचाही वाटा होता, त्यामुळे ती थांबल्यावर त्यांची स्थिती काहीशी सुधारली. वयानुसार सर्वच गटांत क्षमता कमी होत गेली आणि सातव्या वर्षी निरीक्षण व किरणोपचार या गटांतील अंतर जवळजवळ मिटले. ज्याला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, त्याने पत्नीला सोबत घेऊन डॉक्टरांना तो आधीच विचारावा.

किरणोपचाराचा त्रास वेगळ्या जागी होतो. प्रोस्टेटला मागून गुदाशय आणि वरून मूत्राशय खेटून असल्यामुळे किरणे घेण्याच्या प्रत्येक बैठकीआधी शौचास जाऊन यावे लागते, ठरलेले पाणी पिऊन मूत्राशय भरेपर्यंत थांबावे लागते, आणि मशिनवर घेतलेल्या चित्रात मूत्राशय पुरेसे भरलेले दिसले नाही तर पुन्हा बाहेर बसावे लागते. एवढे करूनही गुदाशयाला थोडा मार बसतोच. बाराव्या वर्षी नकळत शौच होण्याची तक्रार किरणोपचाराच्या गटात १२ टक्के आणि इतर दोन्ही गटांत ६ टक्के होती.

किरणोपचाराचे तंत्र मात्र बरेच पुढे गेले आहे. प्रोटेक्टमध्ये ३७ बैठका होत्या. नंतर ब्रिटनमधीलच ‘चिप’ या संशोधनाने २० बैठका तितक्याच परिणामकारक ठरतात हे दाखवले, आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पेस-बी’ने कमी व मध्यम धोक्याच्या निवडक रुग्णांत पाच बैठकांतही कर्करोग तितकाच काबूत राहतो असे सिद्ध केले, फक्त लघवीचा त्रास पाच बैठकांत थोडा जास्त आढळला. शस्त्रक्रियेतील रोबोबद्दल थोडक्यात सांगायचे तर, ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनमध्ये झालेल्या तुलनेत लघवी आणि लैंगिक क्षमता यांबाबत पारंपरिक आणि रोबोच्या शस्त्रक्रियेत ठळक फरक दिसला नाही. यंत्रापेक्षा सर्जनने अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, ही चौकशी अधिक उपयोगाची आहे.

ही सारी तुलना निदान अचूक असेल तरच लागू पडते. २०१८ च्या ‘प्रिसिजन’ संशोधनात आधी एमआरआय करून संशयित जागेचीच बायोप्सी घेतली, तेव्हा ३८ टक्के पुरुषांत महत्त्वाचा, म्हणजे दखल घ्यावीच लागेल असा कर्करोग सापडला. नेहमीच्या पद्धतीच्या बायोप्सीत तो २६ टक्क्यांतच सापडला होता. ज्यांची बायोप्सी एमआरआयविना झाली आहे, त्यांनी निरीक्षणाचा निर्णय घेण्याआधी एमआरआय करून घ्यावा, आणि बायोप्सीच्या स्लाइड या विषयातील अनुभवी पॅथॉलॉजिस्टला एकदा दाखवाव्यात, कारण ३+४ आणि ४+३ या दोन्हींची बेरीज ७ असली तरी पहिला अंक जास्त आढळलेल्या पेशींचा असल्यामुळे दुसऱ्यात धोका अधिक असतो.

पीएसए २० च्या वर किंवा ग्लीसन स्कोअर ८ ते १० असेल, तर निरीक्षणाचा पर्याय बहुधा बाद होतो. तेथे निवड शस्त्रक्रिया, आणि हार्मोनच्या औषधांसह किरणोपचार यांच्यात असते. या गटाबद्दल मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २२४ रुग्णांवर केलेले संशोधन मोलाचे आहे: प्रोस्टेटसोबत ओटीपोटातील लसिका ग्रंथींनाही किरणे दिलेल्या गटात पाच वर्षांनी ९५ टक्के रुग्णांचा पीएसए काबूत होता, तर फक्त प्रोस्टेटला किरणे दिलेल्या गटात ८१ टक्के.

कर्करोग परतला तर पुढे काय, हेही आधीच पाहावे. शस्त्रक्रियेनंतर पीएसए जवळपास शून्यावर यायला हवा, त्यामुळे तो ०.२ च्या वर गेला तरी लगेच कळते आणि किरणोपचाराचा मार्ग मोकळा असतो. किरणोपचारानंतर पीएसए सावकाश उतरतो, पुनरुद्भव मानण्याची रेषा त्याच्या नीचांकापेक्षा २ ने वर असते, आणि त्या भागावर नंतर शस्त्रक्रिया करणे अवघड होते. अजून साठीही न गाठलेल्या, तब्येतीने धडधाकट रुग्णाला म्हणून मी शस्त्रक्रियेचा विचार आधी करायला सांगेन. हृदयविकार असलेल्या सत्तरीच्या रुग्णाला किरणोपचार किंवा निरीक्षण. आणि जो रुग्ण मधुमेहाची साखरही वेळेवर तपासत नाही, किंवा ज्याला एमआरआयसाठी दरवेळी जिल्ह्याबाहेर जावे लागते, त्याने कागदावर कितीही योग्य दिसले तरी निरीक्षण निवडू नये.