बोरिवलीच्या नॅशनल पार्कात वर्षभर चालल्यानंतर

जून २०२४ ते जून २०२५ या वर्षात मी आणि माझी नणंद संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सत्तावीस वेळा चालून आलो. त्यातल्या अकरा फेऱ्या एकट्या शिलोंड्याच्या वाटेवरच्या. लोक विचारतात, त्याच त्या वाटेनं काय जायचं? माझा सगळा अनुभव या प्रश्नाच्या उत्तरातच आहे. एकदाच येऊन जाणाऱ्याला इथं बहुधा झाडं, चिखल नाहीतर धूळ आणि माकडं दिसतात. तीच वाट चौथ्यांदा चाललात की कुठं काय बदललंय ते कळायला लागतं.

आधी कामाचं सांगते. बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की मुख्य प्रवेशद्वार पायी पंधरा मिनिटांवर आहे. सोमवारी उद्यान बंद असतं. कान्हेरीच्या लेण्यांकडे जाणारा डांबरी रस्ता साधारण सहा किलोमीटरचा, त्यावर आपलं आपण चालता येतं. पण आतल्या जंगलवाटांवर आधी परवानगी काढून वाटाड्यासोबतच जावं लागतं. सुरुवातीला मला ही कटकट वाटली होती, आता वाटत नाही. बिबट्याचं जंगल आहे हे. उद्यान आणि आजूबाजूचा भाग मिळून पन्नासच्या आसपास बिबटे आहेत, म्हणजे १०४ चौरस किलोमीटरच्या या जंगलाच्या मानानं खूपच दाट वस्ती. वर्षभरात आम्हाला एकही दिसला नाही. नोव्हेंबरमध्ये ओढ्याकाठच्या ओल्या मातीत एक ठसा तेवढा दिसला. माझ्या तळहातापेक्षा थोडा लहान, नखांची खूण नाही. वाटाडे काका म्हणाले, "पहाटेचा असेल, कडा अजून मोडल्या नाहीत." त्या दिवशी पुढचा अर्धा तास आम्ही दोघी गप्प चालत होतो.

जूनमध्ये सुरुवात केली ते चांगलं झालं. पहिल्या पावसानंतर नवरंग पक्षी सतत शीळ घालत असतो, दोन सुरांची. दिसायला अवघड, कारण तो जमिनीवर पाचोळ्यात उड्या मारत फिरतो. आम्हाला तिसऱ्या फेरीत दिसला. कान्हेरीच्या पायऱ्या मात्र जुलै-ऑगस्टमध्ये फार निसरड्या होतात. बेसाल्टवर शेवाळ धरलं की भलेभले बूट टिकत नाहीत. माझा तर महागातला बूट दुसऱ्याच महिन्यात तळव्यापासून सुटला. एका दुकानदारानं "पावसाळी" म्हणून गळ्यात मारला होता. उरलेली वाट मी रुमालानं बूट बांधून उतरले. त्यानंतर साधे, पण तळाला खोल खाचा असलेले रबरी बूट घेतले, ते अजून चालतायत. धबधब्यांवर पावसाळ्यात बंदी असते. ती पाळाच, कारण वर डोंगरात पाऊस पडला की खाली ओढा बघता बघता चढतो.

तरी कान्हेरी बघायची तर पावसातच, असं माझं ठाम मत आहे. शंभरावर लेणी, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून पुढं हजारेक वर्षं खोदत गेलेली. हिवाळ्यात सगळे चैत्यगृहातल्या उंच मूर्तींचे फोटो काढतात. पावसात बघायचं ते पाणी. कातळाच्या उतारावर बोटभर रुंदीचे पन्हाळ कोरलेत. त्यांतून पाणी वाहत येऊन लेण्याशेजारच्या टाक्यात, म्हणजे पोढीत, पडतं. एका लेण्याच्या ओसरीत पाऊस थांबायची वाट बघत बसलो होतो, तेव्हा मी त्या पन्हाळीत बोट धरलं. पाणी बोटाला वळसा घालून पुन्हा आपल्या वाटेला लागलं. शेकडो भिक्खूंची तहान भागवायला केलेली व्यवस्था अजून काम करतेय! तुळशी आणि विहार हे तलाव याच जंगलात आहेत. विहार १८६०चा, तुळशी १८७९चा. मुंबईनं डोंगरातलं पाणी अडवून घरी न्यायला सुरुवात केली, त्याच्या कितीतरी आधी याच डोंगरात ते काम झालं होतं.

सप्टेंबर-ऑक्टोबर हा माझा सगळ्यात आवडता काळ. वाटेवर आडवी, सोनेरी झाक असलेली कोळ्यांची मोठमोठी जाळी लागतात आणि मादी कोळीण जवळजवळ पंजाएवढी पसरलेली असते. जाळं तोडू नका, वाकून जा. आणि २०२४ हे कारवी फुलायचं वर्ष होतं. २०१६नंतर आठ वर्षांनी सगळा उतार एकदम जांभळा झाला. मधमाश्यांचा आवाज वाटेवरून चालताना कानात भरून राहायचा. गर्दी उसळली ती तेव्हाच. एका रविवारी एक हौशी गट पन्नासेक माणसं आणि स्पीकर घेऊन आला, फांद्या मोडून केसांत माळत होते. आठ वर्षांत एकदाच फुलणारं, बी धरून मरून जाणारं झुडूप ते. आम्ही सांगितलं, चार जणांनी ऐकलं. मोठ्या गटात जाऊ नका, ही मनापासून विनंती. सहा माणसं पुरे.

हिवाळ्याबद्दल फार लिहीत नाही. हवा सुंदर, पक्षी भरपूर, नवख्यांनी तेव्हाच यावं. फक्त वाळल्या गवतात बारीक गोचीड असतात, फुल पँट मोज्यात खोचा. मार्चपासून मात्र सकाळी लवकर निघून दहाच्या आत परतायचं आणि माणशी दोन लिटर पाणी जवळ ठेवायचं. पानं झडल्यावर कांडोळाची झाडं दिसायला लागतात. पांढरीफटक खोडं, म्हणून त्यांना भुत्या म्हणतात. पावसात त्यांच्या बाजूनं आम्ही कितीदा गेलो असू, तेव्हा ओळखूही आली नव्हती.

एप्रिलमध्ये कारवीचे नुसते करडे दांडके उरले होते. नणंद म्हणाली, "आता इथं बघायला काही नाही." काकांनी एक दांडा मोडून दाखवला. याच काड्यांचे कुड करून, वर माती लिंपून पाड्यातली घरं बांधायचे, असं त्यांनी सांगितलं. त्यांचं स्वतःचं जुनं घर तसंच होतं. मग म्हणाले, "ताई, पहिल्या पावसाला या. कान देऊन ऐका."

२०२५मध्ये पाऊस मुंबईत २६ मेलाच आला. त्याच आठवड्यात गेलो. सर थांबली होती, झाडांवरून थेंब गळत होते. मेलेल्या कारवीतून टिक्... टिक् असा आवाज येत होता, आधी एखाद-दुसरा, मग सगळीकडून. वाळलेल्या बोंडांना ओल लागली की ती तडकतात आणि बी लांब उडवतात. एक बी माझ्या मनगटावर येऊन आदळलं. चपटं, तपकिरी. मी ते वाटेच्या कडेला मातीत टाकलं. जूनच्या शेवटच्या फेरीत त्याच जागी दोन-दोन पानांची रोपं उभी होती, इतकी दाट की पाय ठेवायला जागा शोधावी लागली. ती फुलतील २०३२मध्ये. शिलोंड्याला जाल तेव्हा वाटेच्या मधूनच चाला, कडेला उतरू नका.