मशीनवरचं डायलिसिस की पोटातलं? ठरवताना ताटाकडेही बघा

डायलिसिस लागणार असं डॉक्टरांनी सांगितलं की घरात पहिला प्रश्न पैशाचा निघतो आणि दुसरा अंतराचा. पेशंट जेवणार काय, कधी आणि किती, हे कुणी विचारत नाही. आमच्याही घरात कुणी विचारलं नव्हतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, तीन वर्षं मशीनवर होते. आत्या परभणी जिल्ह्यातल्या तिच्या गावात घरीच पोटातलं डायलिसिस करते. दोन्ही प्रकार जवळून पाहिलेत, आणि सध्या ज्यांना निर्णय घ्यायचाय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मशीनवर आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास जावं लागतं. हातात धमनी आणि शीर जोडून फिस्टुला करतात, दोन सुया टोचतात आणि रक्त बाहेर काढून, धुऊन परत आत सोडतात. पोटातल्या प्रकारात, ज्याला सीएपीडी म्हणतात, पोटात कायमची एक मऊ नळी बसवतात. तिच्यातून बॅगेतलं साधारण २ लिटर औषधी पाणी आत सोडायचं, काही तास ठेवायचं, काढायचं आणि नवं भरायचं. हे बहुधा दिवसातून चार वेळा, रोज. आयुष्य कशाने जास्त वाढतं यात दोन्हींत ठळक फरक दिसत नाही. फरक पडतो तो रोजच्या जगण्यात आणि जेवणात.

आधी दोघांनाही लागू असलेली एक गोष्ट, कारण सगळ्यात जास्त नुकसान मी इथेच पाहिलं. डायलिसिसच्या आधी किडनीवरचा भार कमी करायला डाळ, अंडी, दूध कमी करायला सांगतात. तो पथ्याचा कागद कपाटाच्या दाराला चिकटलेला असतो आणि डायलिसिस सुरू झाल्यावरही तसाच राहतो. खरं तर त्या दिवसापासून हिशेब उलटा होतो. मशीनवर एका वेळेला साधारण ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्लं वाहून जातात आणि पोटातल्या पाण्यातून रोज ५ ते १० ग्रॅम प्रथिनं, कधी त्याहून जास्त. त्यामुळे वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं पोटात जावी लागतात. ५५ किलोच्या माणसाला ५५ ते ६६ ग्रॅम.

आता हे आपल्या ताटात मांडून बघा. ज्वारीच्या चार भाकरी म्हणजे साधारण २४ ग्रॅम, दोन वाट्या घट्ट वरण १३, वाटीभर दही ५. बेरीज ४२. आणि आजारी माणूस चार भाकरी खातो कुठे? अण्णांची दीड भाकरीवर मान हलायची. दोन अंड्यांच्या पांढऱ्याने ७ ग्रॅम वाढतात आणि किडनी बिघडल्यावर रक्तात साठणारा फॉस्फरस त्यात फारसा नसतो. माळकरी घरात पनीर, मूग, सोयाबीन यांचं प्रमाण आहारतज्ज्ञाकडून बसवून घ्यावं लागतं. पण बसवावंच लागतं, वरणाचं पाणी भातावर ओतून भागत नाही.

मशीनच्या बाजूने बोलायचं तर तिथे नर्स असते, डॉक्टर असतो, घरी काही सांभाळावं लागत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात पैसेही लागत नाहीत. तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेची मदत करणाऱ्या माणसाला, आधी भेटा. एसटीत डायलिसिसच्या रुग्णांना भाड्यात सवलत आहे, तिचीही डेपोत चौकशी करा.

पण या प्रकारात जेवणं हुकतात, आणि ती कुणी मोजत नाही. अण्णा साडेपाचच्या गाडीने निघायचे. मशीनवर चढेपर्यंत चहा-बिस्कीट, उतरल्यावर गरगर, घरी पोचलो की झोप. आईने दिलेला डबा तसाच परत यायचा, झाकणाला आतून वाफेचं पाणी लागलेला. आठवड्यातले तीन दिवस, दिवसाची दोन जेवणं. महिन्याकाठी पंचवीसेक जेवणं अशीच गेली.

वजन मात्र वर्षभर ५४ वरच होतं, त्यामुळे आम्ही निर्धास्त. मग बंडीची बाही दंडावर सैल लोंबायला लागली आणि रात्री आडवं झालं की दम लागायला लागला. अंगावरचं मांस झडत होतं आणि तेवढीच जागा पाणी घेत होतं. काट्यावर दोन्हींची बेरीज तीच. ड्राय वेट, म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन, हळूहळू ५० वर आणलं तेव्हा ते पाठ टेकून झोपले. त्याच काळात रक्तातला युरियाही, म्हणजे प्रथिनांपासून तयार होणारा कचरा, कमी येत होता आणि आम्ही म्हणायचो, रिपोर्ट सुधारतोय. जेवणच कमी झालं तर युरिया कमीच येणार. म्हणून डायलिसिसच्या आधीचा युरिया कमी दिसला की लगेच खूश होऊ नका. अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) किती आहे आणि भूक कशी आहे, हे शेजारी ठेवून वाचा.

रक्त खरंच धुतलं जातंय का, याचा साधा हिशेब घरीही करता येतो. महिन्यातून एकदा त्याच दिवशीचा आधीचा आणि नंतरचा युरिया मागा. आधी १५० आणि नंतर ५० असेल तर १०० उतरला, म्हणजे साधारण ६७ टक्के. निदान ६५ टक्के तरी हवा. आम्ही जायचो त्या एका सेंटरवर चार तासांचे सव्वातीन कधी झाले ते कळलंच नाही. परतीच्या गाडीची घाई अण्णांनाही असायचीच, त्यामुळे कुणी बोललं नाही. आज मी बोललो असतो. आठवड्यातून दोनदाच करून भागवणं हाही अर्धवटच उपाय आहे. लघवी चांगली होत असेल आणि डॉक्टरांनी तपासून सांगितलं असेल तरच ते ठीक. खर्च वाचावा म्हणून नाही.

मराठवाड्यात पाण्याचंही विचारा. चार तासांत एका पेशंटसाठी मशीनमधून १२० लिटरच्या आसपास शुद्ध पाणी जातं, आणि ते बनवताना वाया जाणारं वेगळंच. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. उन्हाळ्यात सेंटरला पाणी कुठून येतं, आरओच्या पाण्याची तपासणी केव्हा झाली, हे विचारायला लाजू नका.

पोटातल्या डायलिसिसला ना वीज लागते, ना गाडी. रोज थोडं थोडं निघत राहतं म्हणून पोटॅशियम सहसा फार चढत नाही. अण्णांना मोसंबी, केळी, नारळपाणी बंद होतं आणि भाजीही चिरून, उकडून, पाणी टाकून द्यावी लागायची. दोन डायलिसिसमध्ये मोठी सुट्टी पडली की पोटॅशियम चढून हृदय बंद पडू शकतं, ही भीती खरी आहे. आत्या मात्र रिपोर्ट बघून अर्धी मोसंबी खाते. लघवीही या प्रकारात जास्त दिवस टिकते, त्यामुळे पाण्याचं बंधन थोडं सैल राहतं. मे महिन्यात आपल्याकडे ही लहान गोष्ट नाही.

याचीही किंमत आहेच. पाण्यातली साखर अंगात उतरते, शुगरच्या पेशंटचं इन्सुलिन वाढवावं लागतं. पोटात सतत २ लिटर असल्याने दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटतं. आत्याने यावर तोड काढली: बॅग काढायची, पोट रिकामं असतानाच जेवायचं, मग नवी भरायची. डॉक्टरांनीही त्याला होकार दिला.

आणि जंतुसंसर्ग. आत्याची सूनबाई पंखा बंद करते, दार लावते, तोंडाला मास्क, साबणाने हात, मगच नळीला हात लावते. निघालेली बॅग पंचांगाच्या पानावर धरून आरपार अक्षरं वाचते. अक्षरं दिसली तर ठीक. पाणी गढूळ दिसलं किंवा पोट दुखलं तर त्याच दिवशी बॅग घेऊन दवाखाना. महिन्याला १२० बॅगा लागतात, त्या ठेवायला कोरडी जागा हवी. त्यांचा खर्च योजनेत बसतो का, हे नळी बसवायच्या आधी लेखी विचारून घ्या.

मीठ दोघांनाही कमी. खाराची मिरची, पापड, लोणचं बंद. सैंधवही मीठच आहे. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं, मशीनवरच्या माणसाला ते देऊच नका.

माझं मत विचाराल तर चांगलं सेंटर तासाभराच्या आत असेल, तिन्ही वेळा सोबत जायला माणूस असेल आणि घरात नीट स्वच्छता पाळणारं कुणी नसेल, तर मशीन. पोटाची बरीच ऑपरेशनं झालेली असली किंवा मोठा हर्निया असला तरी बहुधा मशीनच. सेंटर दूर असेल, हृदय कमजोर असेल, लघवी अजून होत असेल आणि घरात सूनबाईसारखं लक्ष देणारं माणूस असेल, तर पोटातलं. अण्णांसाठी आज ठरवायचं असतं तर मी पोटातलं निवडलं असतं. घरापासून सेंटर अडीच तासांवर होतं.

ठरवायला फार दिवस लावू नका. फिस्टुला वापरण्याजोगा व्हायला निदान सहा-आठ आठवडे लागतात, पोटातली नळी साधारण दोन आठवड्यांनी वापरायला घेतात. उशीर झाला की मानेत तात्पुरती नळी घालून सुरुवात करावी लागते आणि तिच्यातून जंतुसंसर्ग लवकर होतो. फिस्टुला ज्या हातात करायचाय त्या हातातून आजपासून रक्त काढू देऊ नका, सलाईन लावू देऊ नका.