लाल दिवा विझला तेव्हा नवा फिल्टर खोक्यातच होता

४,८९९ रुपये. व्हिजिट चार्ज ३९९, एअर प्युरिफायरचा ‘ओरिजिनल’ फिल्टर ३,६५०, ‘सेन्सर सर्व्हिसिंग’ ८५०. सगळे मी माझ्या हाताने यूपीआयने दिले. लिहायची लाज वाटते, पण हे पैसे घेणारा कंपनीचा खोटा माणूस आमच्या सोसायटीत आणखी दोन घरांत जाऊन आलाय हे कळल्यावर गप्प बसवेना.

शेजारच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट चालू आहे, दिवसभर सिमेंटची धूळ. सासूबाईंना दमा. डिसेंबरात एअर प्युरिफायरवर फिल्टर बदलायचा लाल दिवा लागला आणि त्याच रात्री त्यांना धाप लागली. सकाळी ऑफिसला निघता निघता नेटवर कंपनीचं नाव टाकलं आणि सगळ्यात वर आलेल्या ‘कस्टमर केअर’ला फोन लावला. तो नंबर कंपनीचा नव्हताच. पण घरात माणूस धापा टाकत असताना कोण नंबर तपासत बसतं? मुलगा आला तो लोगोचा टी-शर्ट, गळ्यात आयकार्ड, चपला दाराबाहेर काढून. संशय घ्यायचा तरी कशावरून?

कशावरून ते आता रोज आठवतं. त्याने आधी मशीनचं बटण पाच-सहा सेकंद दाबून धरलं. लाल दिवा गेला. नवा फिल्टर तेव्हा टीपॉयवर खोक्यातच होता! मी समोर उभी होते. दिवा विझलेला बघून मला हायसं वाटलं. बऱ्याच मशिनांत तो दिवा नुसते तास मोजतो. रीसेट केला की विझतो, आत काहीही असो. मॅन्युअलमध्ये हे स्वच्छ लिहिलंय. मॅन्युअल टीव्हीच्या खणात होतं.

जुना फिल्टर ‘कंपनीत जमा करावा लागतो’ म्हणून तो घेऊन गेला. देऊ नका. माझा आता धुऊन कुणाच्या तरी घरी बसवला असणार, कारण मला मिळाला तोही धुतलेलाच होता. तीन आठवड्यांनी कुबट वास यायला लागला म्हणून उघडला. वरून पांढरा शुभ्र. घड्या बोटांनी फाकवल्या तर तळाशी करडी रेघ आणि तिच्यात अडकलेले आखूड, पिवळसर केस. आमच्याकडे ना कुत्रा ना मांजर. सासूबाई तीन आठवडे त्यातून आलेली हवा घेत होत्या. हेपाचा, म्हणजे आतला बारीक धूळ अडवणारा घड्यांचा कागद धुवायचा नसतो, पाण्याने तो कामातून जातो. धुवायची ती बाहेरची जाळी. नवा फिल्टर सीलबंद पिशवीत येतो, ती पिशवी तुम्ही स्वतः फोडा.

आणि बिल! मी अकाउंट्समध्ये आहे, पंधरा अक्षरी जीएसटी नंबर रोज बघते. त्याच्या बिलावर चौदाच अक्षरं होती.

कंपनी म्हणते, तो आमचा माणूस नाही. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. चौकीत तीन फेऱ्या, दोन अर्ध्या रजा, आणि ऐकायला काय मिळालं, तर “मॅडम, माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?” माझ्याकडे त्याचा फोन नंबर आहे, यूपीआय आयडी आहे, लिफ्टच्या कॅमेऱ्यात चेहरा आहे. आणखी काय आणून द्यायचं? शेवटी अर्जावर शिक्का मारला, एफआयआर नाहीच. पैसे गेल्या गेल्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा, माझ्यासारखे तीन आठवडे घालवू नका. कंपनीचा नंबर मशीनच्या मागच्या स्टिकरवरूनच घ्या.

खरा फिल्टर २,७९९ ला मिळाला. पाच मिनिटांत मीच बसवला, स्क्रू ड्रायव्हरसुद्धा लागला नाही. तो केसांचा फिल्टर पुरावा म्हणून पिशवीत बांधून गॅलरीत ठेवलाय. चौकीतून अजून कुणी तो बघायलाही मागितलेला नाही.